‘हे मेले गेले’ याचा खुलासा

आमच्या कुटुंबात कोठलेही मंगलकार्य निघाले की पंगत उठल्यावर, विडे होत असताना, माझा थोरला पुतण्या एक हकीकत सांगतो. तो पापनाशमला राहतो, बँकेत आहे आणि त्याचा आवाज मोठा आहे. हकीकत माझी आहे. ती सांगताना तो माझी परवानगी घेत नाही, आणि मी समोर बसलेलो असलो तरी त्याला संकोच वाटत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे, महाराष्ट्रातल्या एका डोंगराळ गावी ऊन पाण्याच्या झऱ्यांवर आम्ही गेलो असता, मी एका शब्दाच्या घोटाळ्याने माझ्या जिवंत थोरल्या भावाला मृत ठरवले, चारचौघांत गळा काढला, आणि त्याच्या नावाने अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारून सुतकाचे स्नानही उरकले. मंडळी हसतात. ज्यांना मी मारले असे सांगतात ते माझे अण्णा, म्हणजे या पुतण्याचे वडील, तेही हसतात.

या हकीकतीत खरे थोडे आहे, आणि जे खरे आहे तेही आपल्या जागेवरून हललेले आहे. पुतण्या तेथे नव्हता. मी होतो. म्हणून जे घडले ते घडले तसे एकदा लिहून ठेवतो. देवनागरीत लिहितो याला कारण आहे. आमच्या घरात बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ आणि इंग्रजी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ही अक्षरे वाचणारी माणसे मला धरून तीन उरली असतील. त्यामुळे जी गोष्ट घरच्यांपासून राखून ठेवण्याचे मी अण्णांना वचन दिले आहे, ती या लिपीत लिहिल्याने वचन मोडत नाही, असे मी समजतो.

आधी तो शब्द. तंजावुरात आम्ही ‘वर’ या अर्थी ‘मेले’ हा तमिळ शब्द सर्रास वापरतो. डबा मेले ठेव, कपडे मेले वाळत घाल, पाव्हणे मेले बसलेत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे आणि त्याने कोणी दचकत नाही. माणूस गच्चीवर गेला की तो ‘मेले गेला’. हेच दोन शब्द महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानी पडले तर तो काय समजेल, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रवासाची कल्पना माझी होती. ही गोष्ट पुतण्या कधी सांगत नाही आणि मी कधी विसरत नाही. अण्णा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या हृदयात दोन जाळ्या बसवलेल्या, दोन्ही गुडघे गेलेले, आणि चष्म्यावाचून त्यांना हाताएवढ्या अंतरावरचे माणूस ओळखू येत नाही. मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. ओरत्तनाडूच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवले, पण मन रमले ते जुन्या मराठीत. सह्याद्रीत ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांत स्नान केल्याने सांधे मोकळे होतात, हे मी कोठेतरी वाचले होते. तशा झऱ्याला आपल्या जुन्या भाषेत ‘उन्हाळे’ म्हणतात, हेही वाचले होते. खरे सांगायचे तर मला गुडघ्यांइतकेच त्या शब्दाचे आकर्षण होते.

अण्णा म्हणाले, “ऊन पाण्यासाठी इतके लांब कशास जायचे रे? दुपारी आपल्या नळाला येते ते काय थंड असते?”

वैनी पोळीला तूप लावत होती. ती म्हणाली, “यांचे गुडघे नुसते निमित्त. तुला तिकडच्या लोकांना तुझी मराठी ऐकवायची आहे.”

हे अगदीच खोटे नव्हते. डॉक्टरांनी दहा मिनिटांची मुभा दिली. पाणी छातीच्या वर येता कामा नये, असे बजावले. मग अण्णांना सोडून माझ्याकडे पाहत म्हणाले, “सार, जबाबदारी तुमची.” मी मान हलवली. त्या क्षणापासून परत येईपर्यंत रात्री तीन-तीनदा उठत होतो, त्याला मी प्रवासाची दगदग असे नाव दिले होते. ती भीती होती.

गावाचे नाव मी लिहीत नाही. तेथल्या लोकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही आणि दोष त्यांचा नाहीही. पौष महिना होता. बसमधून उतरलो तेव्हा डोंगराआड सूर्य गेला होता आणि आम्हां तंजावूरकरांना कधी न सोसावी लागणारी थंडी पडली होती. वैनीने अण्णांच्या कानांना आपला स्वेटर गुंडाळला. मी रिक्षावाल्याला विचारले, “येथले उन्हाळे कोठे आहे?”

तो म्हणाला, “काका, उन्हाळ्याला अजून दोन महिने अवकाश आहे.”

मी त्याला शब्दाचा अर्थ समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे कुंडं. मग कुंडं म्हणा की.” अण्णा मागे बसून खोकल्यासारखे हसले.

खालच्या अंगाला तीन कुंडे होती. एक पुरुषांचे, एक भिंतीआडचे बायकांचे, एक कपडे धुण्याचे. दगडी बांधणीची, हिरवट पाण्याची, गंधकाचा वास मारणारी. तिकीट नाही, दार नाही, वेळ नाही, रखवालदार नाही. कोणीही यावे आणि उतरावे. पहिल्या संध्याकाळी मला या मोकळेपणाचे कौतुक वाटले. जेथे कोणी पैसे घेत नाही तेथे कोणी लक्षही ठेवत नाही, हे माझ्या ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी. कुंडांच्या मागून दगडी पायऱ्या वर जात होत्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. वर मूळ झरा होता आणि तेथून वाफेचा एक जाड पांढरा खांब सतत उठत होता. पायऱ्यांच्या तळाशी पत्र्याची पाटी होती, फक्त मराठीत: ‘वरचे कुंड ऊकळते आहे. कठडा तुटला आहे. वर जाऊ नये.’

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांना म्हणालो, “पाहा, यांना आपली भाषा धड लिहिता येत नाही. ‘उकळते’तला उ ऱ्हस्व पाहिजे, दीर्घ काढला आहे.”

अण्णा म्हणाले, “तू सांगशील ते खरे.” त्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. आणि पाटीवर काय लिहिले आहे ते मी त्यांना सांगितले नाही. चूक दाखवली, मजकूर राहून गेला. या हकीकतीत माझा अपराध कोणता असेल तर तो हा आहे, आणि पुतण्याला तो ठाऊकच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही कुंडावर गेलो. थंडीमुळे वाफ इतकी दाट होती की पाण्यातली माणसे मानेपासून वर तेवढी दिसत, तीही विरळ. वैनी बायकांच्या बाजूला गेली. मी अण्णांना दंडाला धरून तीन पायऱ्या उतरवले आणि छातीच्या खाली पाणी येईल अशा दगडावर बसवले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “बरे वाटते रे.” आयुष्यात त्यांनी माझ्या कोणत्याही कल्पनेबद्दल असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

आमच्यासमोर पुण्याकडचे एक निवृत्त गृहस्थ पाण्यात बसले होते. त्यांनी आमचे बोलणे ऐकून चौकशी केली. तंजावूर म्हटल्यावर हात जोडले आणि म्हणाले, “तुमची मराठी गोड आहे हो. फक्त जरा जुन्या संगीत नाटकातून उठून आल्यासारखी वाटते.”

मी म्हणालो, “आम्ही नाटकातून उठून आलेलो नाही. तुम्ही जे टाकून दिले ते आम्ही जपले आहे.”

“बरोबर आहे, पण आता ‘कोठे’ कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

अण्णा उठले. “माझी दहा मिनिटे झाली,” ते म्हणाले. “मी त्या बाकावर बसतो. तू भांडण संपवून ये.” मी त्यांना हाताने वर काढले, अंग पुसले, स्वेटर चढवला, काठी हातात दिली आणि बाकावर बसवले. मग मी पुन्हा पाण्यात उतरलो, कारण त्या गृहस्थांचा एक मुद्दा खोडायचा राहिला होता. बाकाकडे माझी पाठ होती. पुतण्या म्हणतो, मी तासभर वाद घालत होतो. तासभर नव्हे. पण किती, ते मला सांगता येत नाही, आणि गणिताच्या शिक्षकाला हे लिहिताना लाज वाटते.

वळून पाहिले तेव्हा बाक रिकामा होता.

काठी बाकाला टेकवलेली होती. त्यांचे तुंडू, म्हणजे अंग पुसायचे वस्त्र, घडी करून शेजारी ठेवलेले होते. अण्णा काठीवाचून घरातल्या घरातसुद्धा चालत नाहीत. म्हणून ते कोठे चालत गेले असतील, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. आला तो दुसरा. मी पाण्याकडे पाहिले. हिरवट, गढूळ, वाफेने झाकलेले पाणी. कोणाच्याही नकळत एखादा म्हातारा माणूस पुन्हा त्यात उतरला असेल, छातीवर हात ठेवून खाली बसला असेल, तर वरून काय दिसणार होते? मी डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग मी कुंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाने तळ चाचपत चालत गेलो. पायाला शेवाळ लागत होते, दगड लागत होते, आणि प्रत्येक मऊ गोष्टीला पाय लागला की मी वाकून हात घालत होतो. एकदा कोणाचे तरी विसरलेले फडके लागले. तेही मी उचलून पाहिले. पुण्याच्या गृहस्थांनी विचारले, “काही पडलं का तुमचं?” मी फक्त बाकाकडे बोट केले.

बाहेर येऊन बनियन घातले, वेष्टी, म्हणजे आमचे लुंगीसारखे धोतर, गुंडाळली आणि वैनीला फोन लावला. मला कमी ऐकू येते, म्हणून मी फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. ती नुकतीच बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसली होती, हे मला मागाहून कळले. शेजारी तांब्याची कळशी घेतलेली एक बाई उभी होती, आणखी दोघे-तिघे होते, आणि ते गृहस्थ माझ्यामागोमाग पाण्याबाहेर आले होते.

“वैनी, अण्णा कोठे आहेत?”

“हे? हे मेले गेले.” मग थोडी खरखर झाली. “तुला काफी सांगू का?” आणि फोन बंद पडला.

आता नीट वाचावे. पुतण्या म्हणतो, मी चुकीचे ऐकले. मी चुकीचे ऐकले नाही. ज्या शब्दावर मी लहानाचा मोठा झालो तो शब्द माझा कान चुकीचा कसा ऐकेल? परंतु तो अर्थ माझ्यापर्यंत येऊन पोहोचण्याच्या आत कळशीवाली बाई म्हणाली, “अगं बाई, गेले?” आणि तिने कळशी खाली ठेवली. पुण्याचे गृहस्थ माझ्या खांद्याला धरून हलक्या आवाजात म्हणाले, “काका, बसा. आधी खाली बसा.” मागून कोणीतरी म्हणाले, “गरम पाणी सोसलं नसेल हो, वय होतं.” चार माणसे एकच गोष्ट समजली आहेत आणि ती गोष्ट तुम्ही पाण्याच्या तळाशी पायाने शोधत होता, अशा वेळी आपल्या कानावर विश्वास ठेवणारा मनुष्य कोणी असेल तर त्याने पुढे येऊन मला शिकवावे. आदल्या संध्याकाळपासून मी त्यांचीच मराठी ऐकत होतो. माझ्या तोंडची भाषा किती शुद्ध आहे हे त्यांना पटवत होतो. त्या क्षणी ‘मेले’ हा शब्द माझ्या घरचा राहिला नाही, त्यांचा झाला.

मी गळा काढला नाही. मला आठवते ते एवढेच, की आता पुतण्याला काय सांगायचे, डॉक्टरांना काय सांगायचे, वैनी इतकी शांत कशी, असे प्रश्न डोक्यात घोंगावत होते आणि एकाचेही उत्तर मला नको होते.

आता ते स्नान. आमच्याकडे जवळचे माणूस गेल्याचे कानी पडले की होत्या कपड्यांनिशी स्नान करावे लागते. हे मला कोणी सांगितले नाही, कोणी सुचवले नाही. मी त्या गृहस्थांचा हात खांद्यावरून काढला आणि वेष्टी-बनियनसह कुंडाच्या पायऱ्या उतरलो. हे खरे आहे. शरीर आपोआप उतरले. आमच्या वडिलांच्या वेळी, आईच्या वेळी ते असेच उतरले होते, आणि दोन्ही वेळी अण्णा माझ्या डाव्या हाताला होते. कमरेपर्यंत पाण्यात गेलो. आता गुडघे वाकवायचे आणि डोके पाण्याखाली न्यायचे, एवढेच उरले होते.

ते मला जमले नाही. पुतण्या म्हणतो, मी बुडी मारली. मी बुडी मारली नाही. मी तेथे उभा राहिलो. डोके पाण्याखाली गेले की अण्णा गेले, असे मला वाटत होते. कोरडे आहे तोवर ते कोठेतरी आहेत. वर काठावर माणसे उभी होती. वेष्टी पाण्यावर फुगून माझ्याभोवती तरंगत होती. मी मुलासारखा मान ताठ धरून उभा होतो, केस ओले होऊ नयेत म्हणून.

त्या उभे राहण्यानेच मला वाचवले. वैनीचे वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकू आले, या वेळी सबंध. “हे मेले गेले. तुला काफी सांगू का?” छप्पन्न वर्षांच्या संसारानंतर कोणती स्त्री ही दोन वाक्ये एका श्वासात बोलेल? अण्णा गेले नव्हते. अण्णा वर गेले होते.

येथे पुतण्या थांबतो. मंडळी हसतात, वैनी पदराने डोळे पुसते आणि पानसुपारी फिरते. कोणी विचारत नाही की वर काय होते. मी विचारले. वाफेच्या खांबाकडे माझी नजर गेली आणि ती पाटी, आपल्या दीर्घ ऊसकट, माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आधीची भीती ही एका शब्दाची भीती होती, ती निघून गेली. ही दुसरी भीती खरी होती. काठी का मागे राहिली तेही आता कळले. पायऱ्या बाकाला लागूनच होत्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी कठडा होता, काठीची गरज नव्हती.

मी पाण्याबाहेर धावलो. मागून गृहस्थांचा आवाज आला, “काका, तिकडे नाही, अहो, तिकडे कुठे?” दुःखाने माझे डोके फिरले, असे त्यांना वाटले असावे. ओली वेष्टी पोटऱ्यांना चिकटत होती. ती मी गुडघ्यांवर ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी कठडा ओढत चढू लागलो. किती पायऱ्या होत्या ते ठाऊक नाही. मध्ये एकदा थांबलो, कारण छातीत माझ्याच दुखू लागले, आणि दोघांपैकी आधी कोण जाणार, असा एक हिशेबी विचार शिक्षकी सवयीने मनात येऊन गेला. हाक मारावीशी वाटत होती. मारली नाही. हाकेने माणूस वळतो, आणि वळताना पाऊल उचलतो.

वर गेल्यावर काहीच दिसेना. पांढरे, दमट, गरम. पाण्याचा आवाज मात्र येत होता, भाताला उकळी फुटते तसा, पण मोठ्या हंड्याचा. मी उभा राहून ऐकू लागलो. मग त्या आवाजातून दुसरा एक आवाज निराळा झाला. कोणीतरी अगदी हळू, दात आवळून श्वास घेत होते.

“अण्णा,” मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, जणू ओसरीवर बसलो आहोत. “मी आलो. हालू नका.”

मग ते म्हणाले, “कोणत्या बाजूला आहेस?”

“तुमच्या मागे असेन.”

“मागे म्हणजे कुठे रे? मी दोनदा फिरलो.” “चष्म्यावर वाफ धरली. पुसायला काढला तो हातातच आहे, घालायला हात उचलवत नाही. एक चप्पल पाण्यात पडली. पडल्याचे ऐकले मी. पण कुठून ऐकले ते कळेना.”

मी हातापायांवर आलो. उभ्याने जाण्याचे धाडस मला नव्हते. एक हात पुढे, मग गुडघा, मग दुसरा हात. दगड ओला होता आणि जसजसा पुढे सरकत होतो तसतसा तळहाताखाली तो तापत होता. तव्यावर हात ठेवून तो किती तापला आहे ते पाहावे, तसा मी प्रत्येक वीत तपासत होतो. एका ठिकाणी चटका बसला. तेथून मी डावीकडे सरकलो. त्या बाजूला कठडा नव्हता, नुसते गंजलेले दोन खुंट होते. मग दगड थोडा निवला, आणि माझ्या बोटांना एक अनवाणी पाऊल लागले. मी घोटा घट्ट धरला. अण्णा दचकले. त्यांचे सगळे अंग एका बाजूला झुकले आणि मी दोन्ही हातांनी त्यांच्या पायांना मिठी मारली.

“कोण?”

“मीच.”

ते स्थिर झाले. मग त्या वाफेतून माझे थोरले बंधू म्हणाले, “नमस्कार नंतर कर. आधी हात दे.”

मी त्यांना खाली बसवले आणि आम्ही दोघे, एकशे त्रेपन्न वर्षांची दोन माणसे, बसल्या बसल्या मागे सरकत पायऱ्यांपर्यंत आलो. तेथे वारा होता. वाफ क्षणभर बाजूला झाली आणि ते जेथे उभे होते ती जागा मला दिसली. कुंडाची कड त्यांच्या पावलापासून वीतभर होती. मी अण्णांना ती दाखवली नाही. चष्मा त्यांच्या मुठीत होता, तो मी मुद्दाम लगेच पुसून दिला नाही.

“खाली इतके बरे वाटले,” ते म्हणाले, “म्हटले वरचे पाणी जास्त ऊन असेल तर गुडघ्यांना जास्त बरे. तुझ्या वैनीला खूण केली आणि आलो.” मग ते रडले. मी त्यांना वडिलांच्या वेळी रडताना पाहिले नव्हते. मी दुसरीकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळाने नाक पुसून ते म्हणाले, “खाली हे बोलू नको. कोणालाच. मी झरा पाहायला गेलो होतो. समजले?”

“समजले.”

“पुन्हा मला एकट्याला कोणी कुठे सोडणार नाहीत. टॉयलेटलासुद्धा मागे माणूस येईल.”

“समजले म्हणालो ना.”

पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला होता. टपरी दिसू लागताच सोडला. खाली कळशीवाली बाई, पुण्याचे गृहस्थ आणि वैनी असे सगळे एकत्र जमले होते. मेलेला माणूस एका चपलेनिशी चालत येताना पाहून कळशीवाली बाई मट्‌कन खाली बसली. मग खुलासे झाले. ‘मेले’ म्हणजे वर, हे वैनीने सगळ्यांना तीन वेळा समजावून सांगितले आणि हसता हसता तिला ठसका लागला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “कपड्यांनिशी उतरलास? माझ्या कपाळाचे कुंकू तरी विचारायचे होतेस.” अण्णा म्हणाले, “वर फार सुंदर आहे. झरा पाहत बसलो, वेळ कळला नाही.” आणि तेही हसले. ओली वेष्टी नेसून हसणाऱ्यांच्या मध्ये मी काफी पीत उभा राहिलो. खुलासा करायचा तर अण्णांचा शब्द मोडावा लागला असता. त्या सकाळपासून ती हकीकत जशी जन्मली तशी चालू आहे, आणि अण्णा हसतात तेव्हा माझ्याकडे पाहत नाहीत.

उरलेले दोन दिवस मी त्यांना एकही पाटी वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. ‘चपला येथे काढाव्यात.’ ‘साबण लावू नये.’ ‘गतिरोधक पुढे आहे.’ एका किराणा दुकानाची तर मी पूर्ण पाटी वाचून दाखवली, मालकाच्या फोन नंबरासह. अण्णा कंटाळून म्हणाले, “तुला वाचता येते हे मला कळले रे.” मी थांबलो नाही. थांबलो की दगडाची ती तापत जाणारी कड हाताला लागायची.

परतीच्या गाडीत सोलापूरपर्यंत माझे वाचन चालले होते. त्यानंतर फलाटांवरच्या भिंती आणि दुकाने कन्नड आणि तेलुगू अक्षरांनी भरली. स्टेशनाचे नाव कळत होते, बाकी काही कळत नव्हते. ती अक्षरे आम्हां दोघांनाही सारखीच बंद. तेथे काय करू नये असे लिहिले असेल, कोठे जाऊ नये असे लिहिले असेल, मला सांगता येणार नव्हते. गाडी थांबली की अण्णा पाय मोकळे करायला उठत आणि मी त्यांच्या स्वेटरची बाही धरून बसे. ते म्हणाले, “सोड, लोक बघतात.” मी सोडली नाही. रात्र तशीच गेली. वैनी समोरच्या बाकावर गाढ झोपली होती.

सकाळी खिडकीबाहेर भाताची खाचरे दिसू लागली. मग एका गोदामाची लांब भिंत आली, आणि तिच्यावर काळ्या रंगात, हातभर उंचीची तमिळ अक्षरे. अण्णांनी चष्मा नाकावर सारखा केला, खिडकीच्या गजांना नाक लावले आणि शाळेत धडा वाचावा तसे एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत मला वाचून दाखवले की येथे कोणी लघवी करू नये.

“आता मी वाचतो,” ते म्हणाले. “बाही सोड, आणि थोडा वेळ झोप.”